पुतळा हलवल्याने इतिहास पुसला जात नाही

‘वादग्रस्त पुतळे हटवणे म्हणजे इतिहास पुसणे, त्या काळाला आजची मोजपट्टी लावू नका, फार तर शेजारी पाटी लावा, आज एक हटवला तर उद्या एकही उरणार नाही,’ असा संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्यातला एकही मुद्दा मला पटत नाही.

इतिहास कागदपत्रांत, ग्रंथांत आणि संग्रहालयांत जपला जातो. चौकातला चौथरा असतो तो सन्मानासाठी. जर्मनीतल्या चौकांत हिटलरचे पुतळे नाहीत, म्हणून तिथली मुले नाझी राजवट विसरलेली नाहीत.

मोजपट्टीचा मुद्दा इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराच्या उदाहरणावर तपासावा. गुलामांच्या व्यापारात गुंतलेला एडवर्ड कोल्स्टन १७२१ मध्ये वारला, परंतु त्याचा पुतळा उभा राहिला १८९५ मध्ये, म्हणजे ब्रिटनने १८०७ मध्ये तो व्यापार आणि १८३३ च्या कायद्याने बहुतेक वसाहतींतली गुलामगिरी बेकायदा ठरवल्यानंतर अनेक दशकांनी. हा व्यापार निंद्य आहे हे तेव्हाच मान्य झालेले असताना चौथऱ्यावरच्या लेखात त्याला शहराचा सद्गुणी आणि शहाणा सुपुत्र म्हटले गेले. जहाजांतून नेलेल्या माणसांविषयी त्यात एक अक्षरही नव्हते.

पाटीचा उपायही तिथे करून पाहण्यात आला. २०१८ मध्ये नव्या पाटीचा मजकूर ठरू लागला, प्रत्येक शब्दावर वाद झाला आणि अखेर ती लागलीच नाही. ७ जून २०२० रोजी जमावाने पुतळा पाडून बंदराच्या पाण्यात ढकलला. जमावाने असा निवाडा करणे मला मान्य नाही. मात्र सनदशीर वाट वर्षानुवर्षे अडवून धरणाऱ्यांनाही त्या दिवसाची जबाबदारी झटकता येणार नाही. पुढे तोच पुतळा, अंगावरच्या रंगासकट, शहरातल्या संग्रहालयात आडवा ठेवण्यात आला आणि त्याची पूर्ण हकिकत प्रथमच त्याच्या शेजारी मांडली गेली.

उरला ‘उद्या एकही उरणार नाही’ हा धाक. कोणाचा सन्मान नेमका कशासाठी झाला, एवढा प्रश्न विचारला तरी तो विरतो. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी गुलाम बाळगले, हा त्यांच्यावरचा डाग खराच, पण त्यांचे पुतळे राष्ट्राच्या उभारणीसाठी आहेत. रॉबर्ट ली यांचे पुतळे अमेरिकेच्या यादवी युद्धात, गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या सैन्याचे नेतृत्व केल्याबद्दल आहेत. खुद्द ली यांनी १८६९ मध्ये, युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नयेत असे लिहून, रणभूमीवरच्या स्मारकाच्या कामात सहभागी होण्यास नकार दिला होता. तरीही १८९० मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात रिचमंड येथे उभारलेला त्यांचा अश्वारूढ पुतळा उतरवायला २०२१ साल उजाडावे लागले.