फोडणीचा भात आणि कडकडीत तेल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया मोकळेपणाने लिहिलीत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देणं आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, कढईतल्या कडकडीत तेलापुढे कुठलाही जंतू टिकत नाही, आणि 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिळवणाऱ्या इंदूरमध्ये बसून, रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात विष तयार होतं असं सांगत मी लोकांना उगाच घाबरवते आहे. शिवाय मागच्या लेखात मी भातातल्या त्या विषाला, म्हणजे सेरेउलाइडला, एन्टेरोटॉक्सिन म्हटलं, ती चूक तुम्ही दाखवलीत.

चुकीचं आधी मान्य करते. एन्टेरोटॉक्सिन म्हणजे जिवाणूंनी तयार केलेलं, आतड्यावर परिणाम करणारं प्रथिन. भातातला बॅसिलस सेरियस हा जिवाणू जे सेरेउलाइड तयार करतो, ते बारा घटकांचं एक छोटं वलय आहे, नेहमीच्या अर्थाने प्रथिन नाही. लेखात दुरुस्ती केली आहे. पण या दुरुस्तीने फोडणीची बाजू आणखी लंगडी पडते. बरीचशी प्रथिनं तापवली की मोडतात, हे वलय 121 अंश सेल्सियसला दीड तास ठेवलं तरी शाबूत राहतं. म्हणजे कुकरची शिट्टीही त्याला पुरत नाही. आणि कढईतलं तेल 180 अंशांना पोचलं असलं, तरी शितात पाणी आहे तोवर शीत 100 अंशांच्या वर जात नाही. तेलाचा कडकडाट भाताच्या आत पोचतच नाही.

जंतू मेले तरी विष मागे राहतं, हे आपल्याच देशात फार सुंदर रीतीने सिद्ध झालं आहे. 1959 साली कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी कॉलऱ्याचे जंतू वाढवलेला द्रव गाळून जंतू वेगळे केले आणि उरलेला द्रव सशाच्या आतड्यात सोडला. जंतू नव्हते, तरी आतडं पाण्याने फुगलं. कॉलऱ्याचं विष स्वतः उष्णतेला नाजूक आहे, पण जंतू आणि विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे स्वच्छ दिसलं.

आता स्वच्छतेबद्दल. इंदूरचा नंबर कष्टाने मिळवलेला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण बॅसिलस सेरियसचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली त्याची सुप्त रूपं, शेतातल्या मातीतून तांदळाबरोबर येतात. तांदूळ कितीही धुवा, काही उरतातच, आणि शिजवूनही ते मरत नाहीत. उलट शिजताना इतर जंतू मरतात आणि बीजाणूंना मोकळं रान मिळतं. भात कोमट झाला की ते रुजतात, आणि साधारण 12 ते 37 अंशांच्या पट्ट्यात विष तयार होतं. माळव्याच्या रात्री थंड म्हणून नावाजलेल्या आहेत, पण मे महिन्यात ओट्यावरच्या पातेल्यासाठी 25 अंश म्हणजे थंडी नव्हे. ते हवामान या जंतूला छान मानवतं.

दुसरा प्रकार माणसाच्या हातून येतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू साधारण दर चार माणसांपैकी एकाच्या नाकात असतो, रोज अंघोळ करणाऱ्याच्याही. कचोरीसाठी रात्री उकडून, हाताने सोलून ठेवलेले बटाटे किंवा बाहेर राहिलेला मावा त्याला पुरतो. ग्रॅममागे लाखभर जंतू झाले की विष पुरेसं साठतं, आणि एक मायक्रोग्रॅमहून कमी विषानेही उलट्या सुरू होतात. अर्धा तास उकळूनही ते टिकतं. जपानमध्ये 2000 साली तेरा हजारांहून अधिक लोक दूध पिऊन आजारी पडले. कारखान्यात वीज गेली असताना दूध कोमट राहिलं होतं. नंतर ते तापवलं, जंतू मेले, पण विष दुधाच्या भुकटीत तसंच राहिलं. या विषांना चव नाही, वास नाही, त्यामुळे ‘वास घेऊन पाहिला, चांगला होता’ या तपासणीला अर्थ नाही.

एका ठिकाणी तुमची आच खरोखर कामाची आहे. गणपतीच्या महाप्रसादाचा मसालेभात, मोठ्या टोपातली डाळ किंवा उसळ यांत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाचा जंतू वाढतो. 43-45 अंशांना तो दहा-पंधरा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो, आणि टोपाचा मधला भाग तासन्‌तास तितका कोमट राहतो. पण त्याचं विष बहुतांशी आपल्या आतड्यात गेल्यावर तयार होतं. म्हणून वाढण्याआधी टोप तळापासून ढवळत खदखदा उकळला, तर जिवंत जंतू मरतात आणि धोका खूप कमी होतो.

भाताला मात्र वेळच वाचवते. जेवणं उरकली की उरलेला भात परातीत दोन बोटं जाडीने पसरा, वर जाळी ठेवा, पंख्याखाली वाफ जाऊ द्या. पातेल्यात दाबून, झाकण लावून ठेवू नका, मधला भाग रात्रभर कोमट राहतो. तासाभरात, फार तर दोन तासांत, उथळ डब्यात भरून 5 अंशांखाली फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत परता, एकदाच, आणि संपवा. असा फोडणीचा भात मजेत खा, माझी काही तक्रार नाही. ओट्यावर रात्र काढलेला भात मात्र टाकाच.

‘फ्रिज नव्हते तेव्हा काय लोक मरत होते?’ बहुतेक नव्हते. उलट्या अर्ध्या ते सहा तासांत सुरू होतात आणि बहुधा दिवसभरात थांबतात. अशा वेळी घरात ‘ऊन बाधलं’ म्हटलं जातं, भाताचं नाव निघत नाही. पण सेरेउलाइडने यकृत निकामी होऊन मुलं दगावल्याच्या तुरळक नोंदी आहेत. उलट्या झाल्या तर एक लिटर पाण्यात ओआरएसचं पूर्ण पाकीट विरघळवून घोट घोट द्या. विष आधीच तयार झालेलं असल्याने अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. मूल सुस्तावलं, सहा-आठ तास लघवी झाली नाही, शौचात रक्त आलं किंवा डोळे पिवळे दिसले, तर घरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा.