‘डिड यू सेंट’ला हसणाऱ्यांनो

आज मीटिंगमध्ये मी विचारलं, "डिड यू सेंट द फाइल?" समोरच्याला प्रश्न कळला, त्याने फाइल पाठवलीसुद्धा. तरी आमच्यातल्याच एकीने सगळ्यांदेखत खिदळत "सेंड, सेंड!" केलं. तीही मराठीच. तेव्हापासून डोकं फिरलंय.

चुकलं, मान्य. पण ही चूक येते कुठून? मराठीत "तू गेलास"ला "का" जोडला की झाला प्रश्न. क्रियापदाला हातही लावावा लागत नाही. इंग्रजीत आधी तो "डिड" आणा, भूतकाळ त्याच्या गळ्यात घाला, मग वेंटचं परत गो करा. आणि हे सगळं बोलता बोलता, समोरचा तोंडाकडे बघत असताना! "डिड यू वेंट" म्हणणारा बिनडोक नसतो हो. झालेली गोष्ट विचारतोय, म्हणून झालेल्याचं रूप वापरतोय.

बरं, सगळीकडे डिड लावावा तर तेही नाही. "हू ब्रोक द ग्लास?" इथे नको, कारण हू स्वतःच कर्ता. "हू डिड यू मीट?" इथे हवाच. "व्हेअर वेअर यू?" इथे पुन्हा नको. "व्हॉट डिड यू डू?"मध्ये तर डू दोनदा! आपलं "काय केलंस?" दोन शब्दांत संपतं. आणि चारशे वर्षांपूर्वी खुद्द इंग्रज लोक "सॉ यू हिम?" असं डिडवाचून विचारत होते. त्यांना चालत होतं.

खरा संताप शिकवण्याचा आहे. पाचवी ते दहावी गो-वेंट-गॉन, सी-सॉ-सीन घोकून घेतलं. वाक्याचा प्रश्न करा, एक गुण. पण भूतकाळ एकदाच दाखवायचा, तो डिडने घेतला की क्रियापद मूळ रूपात, एवढं एक वाक्य सहा वर्षांत कुणी सांगितलं नाही. "काल काय केलंस?" हे शेजारच्या मुलाला इंग्रजीत एकदाही विचारायला लावलं नाही. इंग्रजीत तोंड उघडायचं ते हजेरीला, "प्रेझेंट सर" म्हणायला.

2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. माझा भाचा सहावीत आहे, त्याच्या वहीत तोच तीन रूपांचा तक्ता. परवा त्याने विचारलं, "मामा, डिड यू केम बाय बस?" बसनेच आलो, असं आधी उत्तर दिलं. मग त्याला शेजारी बसवून डिड आणि कम समजावलं. दहा मिनिटं लागली.