शेलपालट

भाच्याने माझ्या लॅपटॉपवरची काळी खिडकी पाहिली आणि विचारलं, "मामा, अजून बॅश?" बॅश म्हणजे शेल, त्या खिडकीत टाइप केलेल्या आज्ञा संगणकाकडून पाळून घेणारा प्रोग्रॅम. सूर असा, की मी अजून घासलेटच्या रांगेत उभा आहे. मॅकनेसुद्धा २०१९ साली, कॅटालिना ही आवृत्ती आली तेव्हा, बॅश सोडून झेडशेल हा दुसरा शेल धरला, हेही त्याने ऐकवलं. बॅश १९८९चा आणि झेडशेल १९९०चा. वर्षाने धाकट्या भावाला ही पोरं नवी पिढी म्हणतात!

तरी इज्जतीचा प्रश्न होता. तो गेल्यावर रात्री उबुंटूवर, म्हणजे माझ्या लॅपटॉपच्या लिनक्स प्रणालीवर, झेडशेल बसवला आणि शेल बदलणारी सीएचएसएच ही आज्ञा दिली. तिने पासवर्ड घेतला आणि शेल अवैध असल्याचं सांगितलं. तिला शेलचा पूर्ण पत्ता लागतो, तोही ईटीसी या फोल्डरमधल्या शेल्स नावाच्या यादीत असलेला. मी नुसतंच नाव दिलं होतं. म्हणजे चूक माझीच. पण रात्री साडेअकराला कोण कबूल करतो? मी सुडो लावून यूझरमॉड, म्हणजे खात्याची माहिती बदलणारी आज्ञा, चालवली. सुडो म्हणजे सर्वाधिकार देणारी साहेबाची चिठ्ठी, तिच्यापुढे कोण हुज्जत घालणार? पत्ता या वेळी पूर्ण दिला, फक्त शेवटी फाइलच्या नावात झेड-एस-एचऐवजी झेड-एच-एस टाइप केलं. स्क्रीनवर काही इशारा आला असेलही. मी वाचला नाही.

लॉगआउट केलं. लॉगिन केलं. पासवर्ड बरोबर, तरी पुन्हा लॉगिनचाच पडदा. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून साध्या कन्सोलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, गेलो, तेव्हा खुलासा झाला: अशी फाइलच नाही. मला ओळखलं होतं, दारही उघडलं होतं, आत खोलीच नव्हती. सुडो वापरावं, तर त्यासाठी आधी आत यायला हवं.

"अहो, झोपा आता," आतून आवाज आला.

"दोन मिनिटं गं," मी म्हणालो. ही दोन मिनिटं पावणेदोनपर्यंत चालली.

शेवटी मशीन रिकव्हरीत, म्हणजे दुरुस्तीच्या पर्यायात, सुरू करून रूट या सर्वाधिकारी खात्याने शिरलो. रूटचा शेल बॅशच होता, म्हणून वाचलो. तिथेही फाइल बदलू देईना, कारण डिस्क नुसती वाचण्यापुरती जोडलेली होती. ती लिहिण्याजोगी करून पासवर्ड नावाची फाइल उघडली. (तिच्यात आता पासवर्ड नसतात. ते केव्हाच शॅडो नावाच्या दुसऱ्या फाइलमध्ये राहायला गेले, दारावरची पाटी कोणी बदलली नाही.) माझ्या नावाची ओळ, विसर्गासारख्या दोन-दोन टिंबांनी पाडलेले सात रकाने आणि सातव्यात शेलच्या पत्त्यातलं ते उलटसुलट 'एच-एस'. दोन अक्षरांची अदलाबदल केली.

या वेळी आत घेतलं. टर्मिनलची काळी खिडकी उघडली, तर झेडशेलने पहिल्याच भेटीत चौकशीचा फॉर्म पुढे केला: कसं मांडू, काय ठेवू, शून्य दाबा, एक दाबा, दोन दाबा. मी क्यू दाबून पळालो.

सकाळी भाच्याचा फोन. "मग मामा, काही फरक जाणवतोय?"

पाहिलं. ओळीच्या शेवटी आधी डॉलरचं चिन्ह असायचं. आता टक्क्याचं आहे.