माझ्या मागचा नंबर

गाडी बुक करताना अकरा हजार रुपये घ्यायला शोरूमला लागला एक क्यूआर कोड आणि डोळ्याची पापणी लवायचा अवकाश. तेच अकरा हजार परत द्यायला 'सात ते दहा वर्किंग डेज' लागतात. त्यात शनिवार, रविवार, महिनाअखेर, सर्व्हर आणि अकाउंट्सच्या मॅडमची रजा धरायची नसते. हे सगळं वजा केल्यावर कॅलेंडरात काय उरतं ते मी शोधतोय.

झालं असं की २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि अख्ख्या इंदूरला एकाच वेळी गाडीची निकड भासू लागली. आम्हालाही. लहान म्हणजे किती लहान, तर चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन असेल तर १२०० सीसीपर्यंत. म्हणून या वर्गातल्या कितीतरी गाड्या मोजून ३९९५ मिलिमीटर लांब असतात. मोटारीची लांबी इंजिनिअर ठरवतो अशी माझी समजूत होती. ती सीए ठरवतो.

पांढरा रंग, मधलं व्हेरिअंट, सनरूफ नको. दिवाळीला मिळणार होती. मग देवदिवाळीला. मग 'न्यू इयर पे पक्का.' आमचा सेल्समन म्हणजे चुणचुणीत पोरगा, आणि त्याची खासियत अशी की तो तारीख कधीच सांगायचा नाही, भूगोल सांगायचा. "सर, ट्रेलर सेंधवा क्रॉस कर गया." सेंधव्याहून इंदूर म्हणजे एका दुपारचं काम. आमचा ट्रेलर मात्र धामनोदला जेवायला थांबला, गणपती घाटात जाममध्ये अडकला, मानपूरला ड्रायव्हरची तब्येत बिघडली, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा सेंधव्यात दिसला.

मधेच ग्वाल्हेरहून सासऱ्यांचा फोन. "जावईबापू, इथे मेळ्यात या. रोड टॅक्स निम्मा." ग्वाल्हेरचा व्यापार मेळा १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केला, आणि सासरे तो स्वतः सुरू केल्याच्या थाटात बोलतात. सवलत खरी असते, पण गाडीची नोंदणी ग्वाल्हेरच्या आरटीओत व्हावी लागते. म्हणजे पाटीवर एमपी ०७. हल्ली उज्जैनच्या मेळ्यातही ती सवलत देतात, पण तिथे एमपी १३. आता इंदूरच्या माणसाने एमपी ०९ सोडून दुसरा नंबर मिरवत छप्पन दुकानावर पोहे खायला जायचं? बायको म्हणाली, "अहो, निम्मा टॅक्स वाचतोय, आकड्याचं काय घेऊन बसलात!" ती बोलणारच. आमच्या घरात शिंदे-होळकर प्रकरण लग्नापासून मिटलेलं नाही. मी होळकरांच्या बाजूने ठाम राहिलो आणि पूर्ण टॅक्स भरायची तयारी ठेवली. गाडीच नव्हती, त्यामुळे ते सोपं गेलं.

शेवटी पोरगा म्हणाला, "सर, स्टॉक में एक खड़ी है. आज की आज ले जाओ. किसी का लोन रिजेक्ट हो गया." काळी. टॉप व्हेरिअंट. सनरूफसकट. मला जे जे नको होतं ते सगळं एका ठिकाणी, जास्त पैसे देऊन. पण होती. हजर होती. तोवर मी अशा अवस्थेला आलो होतो की 'आहे' एवढा एकच गुण मला पुरेसा वाटला. म्हटलं, जुनं बुकिंग कॅन्सल करा.

"कॅन्सल करून राहिले काय?"

आवाज कॉफी मशीनकडून आला. मशीनला लागून एक सोफा आहे आणि त्यावर एक काका असत. स्वेटर, मफलर, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा. मी त्यांना मालकाचे वडील समजत होतो, कारण शिपाई त्यांना न विचारता कमी साखरेची कॉफी आणून द्यायचा.

"तुम्ही मराठी?" मी म्हटलं.

"लोकमान्यनगर. तुम्ही?"

"सुदामानगर."

"तसं नाही. मूळचे?"

इंदुरात किती पिढ्या काढल्या तरी मराठी माणसाची या प्रश्नातून सुटका नाही. वाई, म्हटलं. "हं, वाई," असं म्हणून त्यांनी वाईचा माझ्या बुकिंगशी काहीतरी संबंध मनातल्या मनात जुळवला आणि शेजारच्या जागेवर थाप मारली. बसलो.

"कॅन्सल करू नका. फालतूमध्ये घाई. आलीच समजा. पांढरी, मधलं व्हेरिअंट. हो ना?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"तुमच्या मागचा नंबर माझा आहे."

आता रेशनपासून रेल्वेपर्यंत कुठल्याही रांगेत पुढचा गळाला की मागच्याच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते मी ओळखतो. इथे मागचा माणूस पुढच्याला धरून ठेवत होता. मी म्हटलं, "काका, मी हटलो तर तुम्ही पहिले!"

"तेच तर!" काका कळवळून म्हणाले. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "मला गाडी नको आहे."

गाडी मुलाने बुक केलेली. तो बंगलोरला. तिथून बसल्या बसल्या पैसे भरले आणि बाबांना कळवलं, आता स्कूटर बंद. "मी चालवणार कशी? शिकलो होतो, पण अँबेसेडरवर. आणि ठेवणार कुठे? दारात तुळशीशेजारी अजून एक कुंडी ठेवली तर समोरचा भांडायला येतो."

"मग तुम्हीच कॅन्सल करा ना."

"वा! म्हणजे पोरगा सुट्टी काढून इथे येणार, ओरडणार, आणि जाता जाता स्कूटर विकून जाणार. गाडी वेटिंगमध्ये आहे तोवर माझी स्कूटर आहे." त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे धरला. लवंगी शेव. "तुम्ही पुढे होता म्हणून मी निवांत होतो. तुम्ही आत येऊन भांडायला लागला की इतकं बरं वाटायचं, काय सांगू. म्हणायचो, चला, याची पण नाही आली."

"म्हणून रोज इथे येता?"

"रोज नाही. बुधवारी खजराण्याला जातो."

"काय मागता गणपतीकडे?"

"हेच. ट्रेलर जरा सावकाश येऊ दे."

गणपती घाटात आमच्या ट्रेलरला इतके महिने नेमकं काय आडवं येत होतं, ते मला तेव्हा समजलं. माझ्या बाजूने एक सेल्समन होता, त्यांच्या बाजूने साक्षात खजराणा. सामना बरोबरीचा नव्हताच.

तरी मी उठलो. स्टॉकची गाडी बायपासच्या यार्डात उभी होती. पोरगा डेमो कार घेऊन आला, आणि काका काहीही न विचारता पुढच्या सीटवर बसले.

यार्डात गाडी म्हणून जे होतं त्यावर धुळीचा असा थर होता की काळा रंग केवळ विश्वासावर मानायचा. बॉनेटवर कोणीतरी बोटाने 'सोल्ड' लिहिलं होतं आणि नंतर दुसऱ्या बोटाने ते खोडलं होतं. सनरूफच्या काचेवर लिंबाचा वाळका पाला. "नई है सर, बस धूल है," पोरगा म्हणाला.

काकांनी मफलर सोडला. गाडी न चालवणारा हा माणूस सोफ्यावर बसून बसून किती शिकला होता! दाराच्या खांबावरची पट्टी फडक्याने पुसली आणि मला वाकायला लावलं. "हा चासी नंबर. सतरा अक्षरं आहेत. दहावं वाचा."

"एस."

"एस म्हणजे २०२५. यंदाचं टी असतं. मागच्या वर्षीचा माल. उद्या विकायला काढाल तर गिऱ्हाईक वर्ष आधी विचारेल."

मग उकिडवे बसून टायर. टायरच्या कडेवर छोट्या चौकटीत चार आकडे असतात, ते त्यांनी मोबाइलच्या उजेडात मोठ्याने वाचले. "अडतीस पंचवीस. म्हणजे २०२५ चा अडतिसावा आठवडा. जीएसटी उतरायच्या आधीचं रबर आहे हे!" पोरगा म्हणाला, रबराला जीएसटीने काय होतं? काकांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. स्टार्टर मारून बघितला, बॅटरी एकदा कण्हली आणि गप्प बसली. मीटरवर एकसष्ट किलोमीटर. "यार्डातल्या यार्डात? कुणाला सराफ्यात फिरवून आणलं काय रे?" एक एक दोष सापडे तसे ते माझ्याकडे आशेने बघत. आता नाही म्हणेल, आता म्हणेल.

मी मात्र पोराकडे बघत होतो. मागच्या वर्षीची असेल तर किती कमी? बॅटरी नवी लावून देणार का? मागच्या वर्षीच्या मालावर सूट असतेच, पण ती मागायला तोंड लागतं, आणि माझं तोंड आज काका होते. पट्टीचे इतके, टायरचे इतके, एकसष्ट किलोमीटरचे इतके, असं करत पोरगा खाली खाली आला. शेवटी मी हो म्हटलं. काकांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

परत येताना ते मागे बसले. बराच वेळाने म्हणाले, "मी तुझ्यासाठी मोडत होतो आणि तू भाव करून राहिला होता." तुम्हीवरून तूवर कधी आले ते माझ्या ध्यानात आलं नाही.

इथपर्यंत गंमत होती. पुढे कॅन्सलेशनचा फॉर्म आला आणि माझं डोकं तापलं ते अजून निवलेलं नाही. गाडी त्याच शोरूमची, गिऱ्हाईक तेच, पण जुने अकरा हजार नव्या गाडीत वळते होत नाहीत. 'सिस्टम में नहीं होता.' आधी नवे अकरा हजार भरा, मग जुने मागा. मागायला अर्ज, मूळ पावती, रद्द केलेला चेक आणि आधार. पैसे घेताना माझं नाव सोडून काहीही लागलं नव्हतं. फॉर्मवर कारणाचा रकाना, त्यात पर्याय छापलेले: आर्थिक अडचण, घरगुती कारण, मत बदलले. 'तुम्ही गाडी दिली नाही' हा पर्याय नाही. मी तो हाताने लिहिला. पोराने कॉलर सावरत सांगितलं, "सर, पर्सनल रीजन लिख दो, नहीं तो ऊपर से वापस आ जाता है." म्हणजे उशीर त्यांचा, मत माझं बदललेलं.

वर ॲक्सेसरीज. ज्याचं लोन नामंजूर झालं त्या सद्गृहस्थाला क्रोमच्या पट्ट्यांची, मडफ्लॅपची आणि दारात निळा उजेड पाडणाऱ्या पायपट्ट्यांची हौस होती. त्या लावलेल्या होत्या. "निकलेगी नहीं सर, निशान रह जाएंगे." त्याची हौस, माझा खिसा. विमा बाहेरून घेतो म्हटलं. तो कुठूनही घ्यायचा हक्क गिऱ्हाईकाला आहे, शोरूम सक्ती करू शकत नाही. पोरगा म्हणाला, बिलकुल सर, आपका हक है. मग कॅल्क्युलेटरवर काहीतरी दाबलं आणि यार्डात काकांच्या जोरावर मिळवलेली सूट त्या हक्कासरशी निघून गेली. मी मुकाट्याने त्यांचाच विमा घेतला.

डिलिव्हरीच्या दिवशी पडदा ओढून गाडी दाखवतात, हार, पेढे, आणि हातात दरवाज्याएवढी पुठ्ठ्याची चावी. मागच्या टीव्हीवर 'हार्दिक बधाई' आणि खाली दुसऱ्याच कुटुंबाचं नाव. बहुधा त्या लोनवाल्याचं. मी दाखवलं. फोटोवाला म्हणाला, फोटोत ब्लर करून देतो. बायको म्हणाली, "अहो, जाऊ द्या, हसा."

चावी परत करून वळलो तर सोफ्यावर काका. मला बघून तोंड फिरवतील असं वाटलं होतं, पण चेहरा प्रसन्न. जागेवर थाप.

"मी बदलली," ते म्हणाले.

"काय?"

"गाडी. दुहेरी रंग घेतला, खाली निळं, वर काळं छप्पर. व्हेरिअंट पण सगळ्यात वरचं. मॅनेजरलाच विचारलं, सर्वांत जास्त वेटिंग कशाला आहे? तेच दे म्हटलं."

"आणि मुलगा?"

"खूश! म्हणतो बाबांना एकदाची हौस आली. वरचे पैसे तोच भरून राहिला." त्यांनी डबा पुढे केला. "तुझी काळी आहे ना? मे महिन्यात चटके बसतील बरं."

तेवढ्यात पोरगा धावत आला. कंपनीतून फोन येईल, दहापैकी दहा सांगा, नऊ म्हणजे नापास, माझा इन्सेंटिव्ह जातो सर. मी चार मनाशी ठरवून ठेवले होते, आणि तेही पेढ्यांचे. तसं बोलूनही दाखवलं.

काकांनी माझा दंड धरला. "दहा दे रे. मला इथे अजून पुष्कळ दिवस बसायचंय. हा गेला तर नवीन पोराला कॉफीतली साखर परत पहिल्यापासून समजावावी लागेल."