हाइन्स वॉर्ड आणि माझे अर्धे केस

पिट्सबर्गला नवीन आलो तेव्हा ऑफिसातला एकजण डबा खाता खाता म्हणाला, "हाइन्स वॉर्डनंतर रविवारची मजाच गेली." मी जमेल तेवढा चेहरा पाडून विचारलं, "का, बंद केला?" आपल्याकडे वॉर्ड दोनच. एक दवाखान्यातला, दुसरा नगरपालिकेच्या निवडणुकीतला. दोन्हींपैकी कशानेही रविवारची मजा वाढल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं.

हा वॉर्ड हाडामांसाचा माणूस निघाला. अमेरिकन फुटबॉलचा रिसीव्हर, म्हणजे जिवाच्या आकांताने पळत सुटायचं आणि मागून फेकलेला चेंडू झेलायचा. (हा फुटबॉल हाताने खेळतात. का, ते विचारू नये.) १९९८ ते २०११ असे चौदा हंगाम तो एकाच संघाकडून, इथल्या स्टीलर्सकडून खेळला. त्यांच्या स्टेडियमवर तेव्हा हाइन्झ केचपवाल्यांचं नाव होतं. ते याच्याच नावाने बांधलंय, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. ती अजून मधूनमधून काढते.

तर परवा केस कापायला गेलो. कटिंगवाला साठीच्या पुढचा, भिंती काळ्या-पिवळ्या, बाकावर तीन म्हातारे. त्यांना केस कापायचे नसतात, तेवढे उरलेलेही नाहीत. उजवी बाजू उरकली होती. समोरच्या फोटोत ८६ नंबरचा जर्सीवाला बत्तीशी दाखवत होता. मला गप्प बसवेना. म्हटलं, "हा कायम हसतच असतो का हो?"

कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हसतो? अरे, समोरच्याला आडवा करून वर हसायचा!" आणि तिथून जे सुरू झालं त्यात माझी डावी बाजू तशीच राहिली. जॉर्जियाच्या कॉलेजात याला सगळीकडे खेळवलं, त्यामुळे नक्की काय म्हणून घ्यावा ते कुणाला कळेना. शेवटी व्यावसायिक संघ कॉलेजची पोरं निवडतात, त्या निवडीत नंबर लागला ब्याण्णवावा. त्यात डाव्या गुडघ्यातलं एक मुख्य लिगामेंटच नाही! लहानपणी सायकलवरून पडला तेव्हाच गेलेलं. ते नेमकं कुठे असतं हे कटिंगवाल्याने माझ्या गुडघ्यावर कंगव्याने ठोकून दाखवलं. माझं शाबूत आहे.

मग ब्लॉकिंग. चेंडू दुसऱ्याच्या हातात असताना हा पठ्ठ्या त्याच्यासाठी वाट मोकळी करायचा. पंगतीत "बाजू, बाजू, गरम आमटी!" ओरडत वाढप्याच्या पुढे धावणारा एक उत्साही मामा असतो ना, तसा. फरक एवढाच की आपला मामा कुणाचा जबडा मोडत नाही. याने २००८मध्ये सिनसिनाटी संघाच्या एका लाइनबॅकरचा, म्हणजे बचाव करणाऱ्या गड्याचा, मोडला आणि पुढच्या वर्षी नियम बदलला. लोक त्याला 'हाइन्स वॉर्ड रूल'च म्हणतात. खेळाडूंच्या एका मतचाचणीत 'सगळ्यात डर्टी' म्हणून याचंच नाव आलं. बाकावरचे तिघेही हे घरच्या मुलाने पारितोषिक आणल्यासारखं सांगत होते. माझ्या मते जबडा तो जबडा. पण मानेवर वस्तरा होता, मत पोटातच ठेवलं.

"आणि बससाठी रडला ते सांग की!" दुसरा म्हातारा. मला वाटलं, बस चुकली असेल, इथे बर्फात चुकते. तर 'बस' म्हणजे जेरोम बेटिस, संघातला धिप्पाड रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा. जानेवारी २००५मध्ये न्यू इंग्लंडच्या संघाकडून घरच्या मैदानावर हरले. बेटिस आता विजेतेपदाच्या अंगठीविनाच निवृत्त होणार, या विचाराने वॉर्ड कॅमेऱ्यांसमोर ढसाढसा रडला. बेटिस आणखी एक वर्ष थांबला. फेब्रुवारी २००६ची सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा अंतिम सामना, बेटिसच्याच गावी, डेट्रॉइटला झाली. सिएटलला २१-१०ने हरवलं आणि सामन्याचा मानकरी वॉर्ड!

त्यातला ४३ यार्डांचा झेल तिसऱ्या म्हाताऱ्याने उभं राहून करून दाखवला. या गावात आनंद झाला की पिवळा टॉवेल गरगरा फिरवतात. १९७५मध्ये एका रेडिओ समालोचकाने ही टूम काढली, 'टेरिबल टॉवेल' म्हणतात. आजोबांच्या हाताला माझ्या गळ्याभोवतीचाच टॉवेल लागला. माझ्या उजव्या बाजूचे सगळे केस सुपर बोलच्या आनंदात दुकानभर झाले, काही माझ्या तोंडात.

पुढे २०११मध्ये तो टीव्हीवरची नाचाची स्पर्धा जिंकला, ते त्यांनी घाईत उरकलं. हजाराव्या झेलाला मात्र रंग चढला. २०१२च्या १ जानेवारीला, क्लीव्हलंडमध्ये, शेवटच्या साखळी सामन्यात तो झेल आला आणि त्यावर मिळाले उणे तीन यार्ड. म्हणजे झेलला आणि मागे गेला! बरोब्बर एक हजार झेल, त्यातला शेवटचा तोट्यात. तिघे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

मग कटिंगवाला हळूच म्हणाला, "त्याची आई..."

आई कोरियन. हा सोलमध्ये जन्मला, जॉर्जियात वाढला. तिला इंग्रजी धड येत नव्हतं. भांडी घासायची, हॉटेलच्या खोल्या झाडायची, दुकानात गल्ल्यावर उभी राहायची. एकदा शाळेत सोडायला आली तर पोराने लाजेने गाडीत मान खाली घातली. उतरताना पाहिलं, तर ती रडत होती. तो प्रसंग त्याने पुढे स्वतःच अनेकदा सांगितला. २००६मध्ये तिला घेऊन कोरियाला गेला आणि तिथल्या मिश्र वंशाच्या मुलांसाठी संस्था काढली. म्हाताऱ्यांनी टोप्या सारख्या केल्या. कुणीच काही बोलेना. कटिंगवाल्याने नाक पुसलं, कात्री उचलली आणि त्याच ओल्या डोळ्यांनी माझी डावी बाजू कापली.

मी टीप जास्तच दिली.

रात्री आईचा सांगलीहून व्हिडिओ कॉल. "अरे, डावीकडे कुरतडलंय का कुणी? किती घेतले?" म्हटलं, "टीप धरून चाळीस डॉलर." तिने मनात रुपये केले. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"टीप कशाची रे?"

"आई," मी म्हणालो, "जरा वेळ आहे का तुला? एक हाइन्स वॉर्ड म्हणून आहे—"

"अगं बाई!" आई ताडकन उठून बसली. "कोण ॲडमिट आहे?"