दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: ड्राय गिटार आणि रीअ‍ॅम्पचे पैसे

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या स्टुडिओला दोन स्टार आणि तक्रारी तीन. गिटार ‘डब्यातून वाजल्यासारखी’ दिली, समोर अ‍ॅम्प असून लावला नाही, आणि नंतर ‘तोच अ‍ॅम्प लावायचे’ वेगळे पैसे घेतले. वर एक टोमणाही आहे, की यापेक्षा पुण्याला गेलो असतो तर बरं. जरूर जा, तिथंही चांगली माणसं आहेत. तक्रारींचं उत्तर मात्र इथंच देतो, कारण उद्या दुसरा एखादा बँड हेच वाचून फोन करणार.

आधी त्या डब्याचं. तुम्ही जी फाइल ऐकली तिच्या नावातच ‘डीआय’ आहे. गिटारची केबल डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल थेट रेकॉर्डिंगला देणाऱ्या पेटीतून) थेट कॉम्प्युटरला जोडलेल्या इंटरफेसला, मध्ये अ‍ॅम्प नाही, स्पीकर नाही. यालाच ड्राय म्हणतात. ती तशीच वाजणार! गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर सोडत नाही. तो मध्ये नसला की पिकचा प्रत्येक ओरखडा उघडा पडतो आणि खालचा भरीवपणा जातो. त्याच फोल्डरमध्ये ‘रीअ‍ॅम्प’ नावाची दुसरी फाइल आहे, म्हणजे तेच ड्राय वाजवणं नंतर अ‍ॅम्पमधून काढून माइकनं पुन्हा घेतलेलं, आणि मिक्समध्ये वापरलीय ती तीच. रिव्ह्यूत तिच्याबद्दल अवाक्षर नाही, म्हणजे उघडली नसावी.

अ‍ॅम्प का लावला नाही? तुम्ही सगळे नोकरी करून येणार. गाडी लावून, चहा घेऊन, तारा जुळवून हात गरम होईपर्यंत दहा वाजायला आलेले असतात. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प बारीक आवाजात ठेवला तर त्याची खरी मजा येत नाही, आणि मोठा करावा तर वरच्या मजल्यावर घरमालक. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आमच्या भिंतींना कितीही फोम आणि रॉकवूल असलं तरी खालचे सूर बाहेर जातातच. म्हणून रात्री वाजवणं ड्राय घ्यायचं आणि अ‍ॅम्प दुसऱ्या दिवशी दुपारी उघडायचा, हे बुकिंगच्या वेळीच ठरलं होतं.

आता पैशांचं. रीअ‍ॅम्प म्हणजे नुसतं बटण दाबणं नव्हे. इंटरफेसमधून निघणारा सिग्नल लाइन लेव्हलचा, म्हणजे जोरदार असतो आणि अ‍ॅम्पला गिटारच्या लेव्हलचा, म्हणजे बारीक हवा असतो. तो रीअ‍ॅम्प बॉक्समधून उतरवावा लागतो, आणि त्यातला ट्रान्सफॉर्मर अर्थिंगमुळे येणारा ५० हर्ट्झचा हम, म्हणजे घूं घूं आवाजही तोडतो. ही काही आमची गल्लीतली युक्ती नाही. जॉन क्युनिबर्टी या अमेरिकन रेकॉर्डिंग इंजिनियरनं १९९० च्या दशकात याच कामासाठी बॉक्स बाजारात आणला.

त्या दुपारी तुमचा लीड गिटारवाला इथंच खुर्चीत बसला होता. गिटार केसमध्ये बंद, हातात चहा, आणि समोर अ‍ॅम्पमधून त्याचाच रिफ. एसएम ५७ माइक आधी स्पीकरच्या पडद्याच्या बरोबर मध्यावर होता, आवाज कानाला टोचत होता. बोटभर कडेला सरकवला तसा तो खुर्चीत पुढे सरकला, अजून थोडा वाकडा केला तेव्हा म्हणाला, ‘हां, हाच!’ मग बेससोबत ऐकल्यावर ऱ्हिदम गिटारचा गेन (आवाज फाटवायचं प्रमाण) जास्त वाटला, तेच दोनदा वाजवून डबल ट्रॅक केलेलं असल्यानं तर चिखलच. गेन उतरवला आणि पुन्हा अ‍ॅम्पमधून काढलं. अ‍ॅम्पसकट रेकॉर्ड केलं असतं तर त्याला ते सगळं नव्यानं वाजवायला लागलं असतं, आणि तो टेक परत तसा लागला असता का, हे त्यालाच विचारा. पैसे त्या दुपारचे आहेत. कोटेशनमध्ये ते वेगळ्या ओळीत दिले होते.

‘मग प्लगइन का नाही’, म्हणजे अ‍ॅम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर का नाही, असंही खाली एकानं विचारलंय. चालतं की. डीआय फाइल तुमच्याकडे आहे, घरी बसून कुठलाही अ‍ॅम्प सिम्युलेटर लावून बघा, आमचा एक रुपया खर्च नाही. पटलं तर तेच मिक्समध्ये घालू. ड्राय ट्रॅक देतो तो त्याचसाठी. बरेच जण तो देतच नाहीत.

तुमची एक गोष्ट मात्र खरी आहे: सोलोच्या शेवटचा सूर लांबत नाही. खोलीत अ‍ॅम्प मोठा असला की त्याच्या आवाजानं तारा पुन्हा हलतात आणि सूर धरून राहतो. ड्राय वाजवताना समोर तो आवाजच नसतो, त्यामुळे रीअ‍ॅम्प करून ते येत नाही, कुठल्याही शहरात नाही. तेवढा शेवट अ‍ॅम्पसमोर उभं राहून वाजवायला हवा. रविवारी दुपारी गिटारवाल्याला पाठवा, तेवढा तुकडा घेऊन जोडून टाकू, त्याचे पैसे नाहीत. येताना हार्ड डिस्क आणा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर जातो, सगळं सेशन मेलवर मावायचं नाही.