एम५ मधला डबल क्लच गेला, बरंच झालं

२०१७ साली बीएमडब्ल्यूने आपल्या वेगवान सेदान एम५ च्या नव्या पिढीतून (एफ९०) डबल क्लच गिअरबॉक्स काढून, तेलातून ताकद पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक बसवला, तेव्हा आमच्या गाडीवेड्या ग्रुपवर सुतक पडलं होतं. "संपली एम५, आता साहेब लोकांची गाडी झाली!" परवा कॉलेज रोडला चहावर तोच वाद पुन्हा निघाला, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो. तो निर्णय शंभर टक्के बरोबर होता.

डबल क्लचचं कौतुक मलाही आहे. एका क्लचवर १, ३, ५, ७ आणि दुसऱ्यावर २, ४, ६. तिसऱ्यात पळताना चौथा आधीच लागून तयार असतो. एक क्लच सोडतो, दुसरा धरतो, ओढ तुटत नाही. आधीच्या पिढीच्या एफ१० एम५ मध्ये हाच होता, ५६० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप) ताकद आणि ६८० न्यूटन मीटर ओढ (टॉर्क) पेलणारा. त्याआधीच्या, दहा सिलिंडरच्या व्ही१० इंजिनवाल्या ई६० एम५ चा सिंगल क्लच एसएमजी गिअरबॉक्स आठवा, गिअर बदलताना झटके देणारा, म्हणजे फरक कळेल.

पण जागेवरून सुटताना आणि रांगताना क्लच घासतोच. हे मी सहा वर्षं भोगलंय. माझी सेदान साधीच, कोरड्या डबल क्लचची. मे महिन्यात कसारा घाटात ट्रेलरमागे इंच इंच चढताना आधी पहिल्या-दुसऱ्यात थरथर, मग जळका वास, मग डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना. मागच्या सीटवर आई आणि दोन पोरं. गाडी बाजूला घेऊन चाळीस मिनिटं उन्हात उभे होतो. जुन्या एफ१० एम५ चे क्लच तेलात बुडालेले, ते एवढे तापत नाहीत, मान्य. पण घासणं त्यांनाही चुकत नाही.

कन्व्हर्टरमध्ये सुटताना तेलच ताकद पुढे ढकलतं. गाडीने वेग घेतला की आतला लॉकअप क्लच जोडणी थेट करतो. त्यामुळे "तेलात ताकद वाया जाते" हे जुन्या ऑटोमॅटिकचं दुखणं नव्या एम५ मधल्या, झेडएफ कंपनीच्या या आठ गिअरवाल्या बॉक्सला चिकटवू नका. आकडेच बघा. एफ९० एम५: ६०० पीएस, ७५० न्यूटन मीटर, ताशी ०-१०० किमीला ३.४ सेकंद. तिची सख्खी स्पर्धक मर्सिडीज-एएमजी ई६३ एस: ६१२ पीएस, ८५० न्यूटन मीटर, आणि वेळ तीच, ३.४. एएमजीने नऊ गिअरच्या बॉक्समध्ये कन्व्हर्टरच्या जागी तेलातला क्लच बसवलाय, म्हणजे बरोबर उलटा रस्ता. दोघीही चारही चाकांना ताकद देणाऱ्या. मग कन्व्हर्टरने नेमकं काय खाल्लं? पुढे बीएमडब्ल्यूच्याच धाकट्या एम३ नेही डबल क्लच सोडून हाच बॉक्स घेतला.

पॅडलला पाय लागताच उसळणं एएमजीच्या क्लचला जास्त जमतं, ट्रॅकवर मी तिलाच झुकतं माप देईन.

पण गेल्या दिवाळीत मित्राच्या मामांची एम५ हातात मिळाली. त्र्यंबक रोडला मोकळ्या पट्ट्यात ती जी पळाली, ते सांगायलाच नको. माझ्या मनात मात्र घर केलं ते गंगापूर रोडवरच्या त्यांच्या सोसायटीच्या बेसमेंट रॅम्पने. उभा चढ, रिव्हर्स, दोन्ही बाजूंना भिंत. ब्रेकवरून पाय अलगद उचलला आणि ६०० पीएसची गाडी वीत-वीतभर वर सरकत गेली. ना धक्का, ना थरथर, ना वास. माझी गाडी अशा रॅम्पवर आधी खाली घसरते, मग झटका देऊन उडी मारते.

सिंहस्थाच्या कामांमुळे हल्ली द्वारका चौकात काय हाल होतात ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको. त्या रांगेत पहिल्या गिअरमध्ये अर्धा तास काढायची वेळ आली, तर मला एम५ चीच चावी हवी.